बारावं बाकडं

आमच्या गावात बाग आहे असं सांगितलं की कळंबची माणसं हसतात. हसू देत. त्यांना धान्याचा बाजार आहे, आम्हाला बाग आहे. बाग म्हणजे पाऊण एकर जमीन, चार कडुलिंब, दोन झोके, एक घसरगुंडी आणि मधोमध एक कारंजं, ज्यातून पाणी उडालेलं मी एकदाच पाहिलं, उद्घाटनाच्या दिवशी. पण या गावात बाईमाणसाला संध्याकाळी पाय पसरून बसायला दुसरी जागा नाही. पुरुषांना पार आहे, चहाची हॉटेलं आहेत, एसटी स्टँड आहे, आणि काहीच नसलं तर कुणाच्याही दुकानाची पायरी आहे. आम्ही कुठं बसायचं? म्हणून डिसेंबरात बागेच्या फाटकावर ‘निधीअभावी बंद’ असा कागद दिसला तेव्हा माझं टाळकं सरकलं.

मी शिवकन्या. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि रिटायर झाल्यावर ‘सावली महिला मंडळा’ची सचिव झाले. माझा आवाज मोठा आहे आणि जीभ तिखट आहे, हे गाव मला तोंडावर सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. तो कागद फाडून हातात घेतला आणि तशीच नगरपंचायतीत गेले. तिथले साहेब म्हणाले, “बाई, कर्मचाऱ्यांचे पगार थकलेत, बागेला रखवालदार आणि पाणी कुठून देऊ?” मी म्हटलं, “मग आमच्या ताब्यात द्या. आम्ही बघतो.” हे मी रागात बोलले होते. साहेबांनी ते शांतपणे धरून ठेवलं आणि जानेवारीत करारनामा पुढ्यात ठेवला.

करार असा, की पाच वर्षं बाग मंडळानं चालवायची. पण आधी मे अखेरपर्यंत पायवाट दुरुस्त करायची, टाकीत पाणी आणायचं आणि लोकसहभागातून बारा स्मृतिबाकडी बसवायची. एक जूनला धाराशिवहून साहेब येऊन मोजणार. एक बाकडं जरी कमी भरलं तरी करार रद्द, फाटकाला कुलूप, आणि मग त्या जागेवर दुकानांचे गाळे. गाळ्यांचा नकाशा काढून झाला होता, तो मी साहेबांच्या टेबलावर उलटा पाहिला. मास्तरणीला उलटं वाचता येतं.

स्मृतिबाकडं म्हणजे काय ते सांगायला नको. सिमेंटचं बाकडं, पाठीला काळ्या दगडाची पाटी आणि पाटीवर ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’. आमच्या गावाचा एक गुण आहे. जित्या माणसाला कुणी पाणी विचारणार नाही, पण मेलेल्याचं नाव निघालं की हात सैल सुटतो. फेब्रुवारीत सहा बाकडी ठरली, एप्रिलपर्यंत अकरा बसलीही. बाकडी अक्रम बनवायचा. स्टँडच्या रस्त्याला त्याचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि चार साचे. चौथीला माझ्याच वर्गात होता. तेव्हा अक्षर किडामुंगीसारखं होतं, पण दगडावर फार सुरेख कोरतो.

आणि बागेत कडूबाई होती. वीस वर्षं ती बाग रोजंदारीवर झाडायची. डिसेंबरात तिला कामावरून कमी केलं, तरी ती दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन हजर. मी म्हटलं, “कडूबाई, आता कशाला येता?” म्हणाली, “पगार बंद झाला बाई, पाला पडायचा थोडाच बंद झालाय?” वय सत्तरीच्या पुढं, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. बागेच्या भिंतीमागं पत्र्याची एक खोली. तिच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. मरण आलंच तर कडू लागून थुंकून जाईल. “आन् गेलंच की थुकून,” ती सांगायची, “समदे गेले, म्या हाय.” हे सांगताना ती हसायची, आणि तिचा वरचा एकुलता एक दात दिसायचा.

बाकड्यांचं पहिलं तिच्याच ध्यानात आलं. एप्रिलातली दुपार होती, बाराचा सुमार, बागेत आम्ही दोघीच. तिनं मला हातानं खूण करून नागूबाईच्या बाकड्यापाशी बोलावलं. नागूबाई म्हणजे किराणा दुकानवाल्यांची आजी, दोन वर्षांपूर्वी वारलेली, देहानं भरभक्कम. कडूबाई म्हणाली, “हितं हात लावा.” लावला तर चटका बसला. “आता हितं.” हात अर्धा फूट सरकवला आणि मी तो झटक्यात मागं घेतला. तिथं बाकडं गार होतं. त्याच उन्हात, त्याच सिमेंटवर, माठाच्या बुडासारखं गार. मी चाचपत गेले. गार जागा बरोबर एका माणसाच्या बैठकीएवढी होती. एका भरभक्कम माणसाच्या.

आम्ही बाकीची दहा बाकडी पाहिली. प्रत्येकावर एक जागा गार. तालमीच्या वस्तादांची रुंद, काडीसारख्या देशपांडे मास्तरांची अरुंद. पाच वर्षांच्या एका पोराचं बाकडं होतं, त्यावर माझ्या दोन तळव्यांएवढीच जागा गार होती. मी कडूबाईला म्हटलं, “कुणाला बोलू नका.” ती म्हणाली, “मी कशाला बोलू? लोकांला ठाव हाय की.”

आणि खरंच ठाऊक होतं. संध्याकाळी मी नीट पाहत बसले तेव्हा कळलं. बायका यायच्या, बाकड्यावर बसायच्या आणि न बोलता एका कडेला सरकायच्या. चौघींची जागा असली तरी तिघीच बसायच्या. गप्पा मारता मारता एखादी मधेच पदर सावरायची, वडीलधारं माणूस शेजारी येऊन टेकावं तशी. पोरं झोक्यावरून पळत येऊन बाकड्यावर उडी मारायची, पण त्या एका जागेवर कधीच नाही. अमावस्येला नागूबाईच्या सुनेनं बाकड्यावर कपभर चहा ठेवला. पुढच्या अमावस्येला अकराही बाकड्यांवर कप होते. गाव या गोष्टीला घाबरलं नाही. नाव त्यांचं, बाकडं त्यांचं, तर ते बसणारच. मीसुद्धा हळूहळू तसंच धरून चालले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. बाग भरलेली होती.

घोडं अडलं बाराव्या बाकड्यावर. ते दोन भावांनी वडिलांच्या नावानं सांगितलं होतं. अक्रमनं बनवून ठेवलं, फक्त पाटी कोरायची राहिली. पाटीखाली आधी कुणाचं नाव घालायचं यावरून भावाभावांत जुंपली आणि दोघांनीही अंग काढून घेतलं. बापाचं नाव राहिलं बाजूला. एक जूनला दहा दिवस उरले. मी दारोदार फिरले. ज्यांच्या घरी कुणी मेलं होतं त्यांची बाकडी झाली होती, आणि बाकीच्यांच्या घरी कुणी मरायला तयार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बागेत डोकं धरून बसले होते. कडूबाई खराटा टेकून समोर उभी राहिली. म्हणाली, “बाई, मपलं नाव घाला.”

“तुमचं? तुम्ही जित्या आहात की.”

“आज हाय. मागं कोण घालणार? ना पोर, ना बाळ. नागूबाईला सुना हायत्या, च्या ठिवत्यात. मला कोण ठिवणार? बाकडं असलं म्हंजी येणारं-जाणारं नाव तरी वाचंल.” मग म्हणाली, “आन् बागबी ऱ्हाईल.”

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, विचार करते. पण विचार झालेला होता. रात्रभर मी स्वतःला समजावलं की माणसं जिवंतपणी स्वतःचं श्राद्धसुद्धा घालून घेतात, मग पाटीनं काय होतंय.

अक्रमनं मात्र छिन्नी खाली ठेवली. “जित्या माणसाचं नाव मी न्हाय कोरणार, बाई. तोबा. कडूबाईनं मला ल्हानपणी पडल्यावर उचललंय.” मी म्हटलं, तिचीच इच्छा आहे. तो म्हणाला, “मग ‘कै.’ तरी नका लावू. नुसतं नाव घालू.” पण करारात स्मृतिबाकडी असं स्पष्ट लिहिलेलं. नुसत्या नावाचं बाकडं साहेब धरणार नाहीत, ही भीती मला. मी आवाज चढवला. तीस वर्षांपूर्वीच्या वर्गातला आवाज. अक्रम पस्तिशीपुढचा बाप्या, पण त्या आवाजापुढं त्यानं मान खाली घातली आणि कोरायला घेतलं. काम संपेपर्यंत तो माझ्याकडं बघत नव्हता. शेवटी पाटी पुसत एवढंच म्हणाला, “बाई, हे तुमच्यावर.”

बुधवारी, चोवीस मेला, बारावं बाकडं बसलं. कडूबाई त्यावर मांडी घालून बसली आणि पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी श्रीनाथ चहावाला आला. आम्ही पाचजणी होतो, त्यानं चार कप भरले आणि निघाला. मी हाक मारली, “अरे, कडूबाईला?” तो वळला, तिच्या अंगावरून नजर फिरवली आणि म्हणाला, “कुठंयत?” सगळ्या हसल्या. कडूबाईही हसली. त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन तिनं कप मागितला तेव्हा तो दचकला आणि अर्ध्याहून जास्त चहा त्याच्या हातून सांडला.

शनिवारी ती रेशनच्या दुकानात गेली. यंत्रावर अंगठा उठेना. अंगठा न उठणं आमच्याकडं नवं नाही, राबणाऱ्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतातच कुठं? पण दुकानदारानं पडदा बघून आपल्याच मनाशी वाचलं, ‘मयत’, आणि कार्ड बाजूला ठेवून पुढच्या माणसाला बोलावलं. कडूबाई तिथं दोन तास उभी होती. नंतर मला म्हणाली, “तेनं मला हो म्हनलं न्हाय आन् न्हाय बी म्हनलं न्हाय.”

रविवारी सकाळी मी बागेत गेले. खराट्याचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हतं. असेल तिकडं झाडामागं, असं म्हणून मी बाराव्या बाकड्यावर बसायला गेले आणि कमरेला काहीतरी हाडकुळं लागलं. मी ओरडून उठले. कडूबाई बाकड्यावर बसलेली होती. खराटा तिच्या पायाशी पडलेला होता. ती माझ्याकडं टकामका बघत होती, आणि मी तिच्या मांडीवर बसले होते.

“बाई,” ती म्हणाली, “तुमालाबी दिसले न्हाय?”

मी ऊन डोळ्यावर आल्याचं सांगितलं. ऊन माझ्या पाठीला होतं.

सोमवारी भर दुपारी ती माझ्या घरी आली. किती वेळ ओसरीत उभी होती कोण जाणे. मी दोनदा तिच्याजवळून गेले असणार. शेवटी तिनं माझा पदर ओढला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. म्हणाली, “मला हाक मारा.” मी म्हटलं, “कडूबाई.” “आनिक एकदा.” मी पुन्हा म्हटलं. तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

“घरात पीठ हाय, बाई. भाकर करती. पर मपल्या हातचा घास घशाखाली उतरंना. तोंडात माती व्हतीया. कुणीतरी वाढाया पायजे. कुणाच्या दारात गेली तर त्यांला दिसतच न्हाय. पाच दिस झाले. ती पाटी काढा. मला न्हाय पायजे ते बाकडं. मला मरायचं न्हाय.”

आता ऐका मी काय केलं ते. मी तिचा हात धरला, तो माठासारखा गार होता, आणि म्हणाले, “गुरुवारपर्यंत कळ काढा. गुरुवारी तपासणी आहे. साहेब मोजून गेले की त्याच मिनिटाला पाटी फोडते. पाच दिवस काढलेत, आणखी तीन काढा.” शाळेत पोरांना म्हणायचे तसं म्हणाले. आणि तिनं मान डोलावली, कारण या गावात माझा शब्द खाली पडत नाही.

तिला जेवायला वाढावं म्हणून मी आत गेले. ताटात भाकरी आणि पिठलं घेतलं. तेवढ्यात नगरपंचायतीतून फोन आला. साहेब किती वाजता येणार, हारतुरे आणायचे का, फलकावर नावं कुणाची. अर्धा तास बोलले. मग मंडळाच्या बायकांना फोन केले. संध्याकाळी ओट्यावर झाकलेलं ताट दिसलं तेव्हा मी स्वतःलाच विचारलं, हे कुणासाठी काढलं होतं? आठवेना. भाकरी मी गाईला घातली. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं आणि झोप उडाली. मंगळवारी आणि बुधवारी मी बागेत हाका मारत फिरले. पायवाटा झाडलेल्या होत्या. ओ कुणी दिली नाही, किंवा दिली असेल.

गुरुवारी अकरा वाजता धाराशिवचे साहेब आले. तरुण, नीटनेटके, उन्हानं हैराण. त्यांनी टाकीचं पाणी पाहिलं, पायवाट पाहिली. मग मोबाईल काढून एकेका बाकड्याचा फोटो घेऊ लागले. फोटोत माणसं बसलेली हवीत, अशी वरून सूचना होती. मंडळाच्या बायका एका बाकड्यावरून उठून दुसऱ्यावर बसत होत्या, अर्थात कडेकडेला. अकरा झाली. बाराव्यापाशी येईपर्यंत बायका घामाघूम होऊन कडुलिंबाखाली टेकल्या होत्या.

“मॅडम, हे रिकामं आहे,” साहेब म्हणाले. “कुणीतरी बसा की. शेवटचा फोटो.”

रिकामं नव्हतं. सरळ पाहिलं तर सिमेंट दिसायचं, पण मी डोळा तिरका केला आणि ती दिसली. मधोमध बसली होती. धुतलेलं हिरवं लुगडं, केस पाण्यानं चापून बसवलेले. गुरुवार म्हणून तयार होऊन आली होती. गाल आत गेले होते. ती माझ्याकडं बघत होती, वर्गात उत्तर येत असलेलं पोर बाईंकडं बघतं तशी. मी एवढंच म्हणायचं होतं, “साहेब, कडूबाई बसल्यात की.”

म्हणाले असते तर? साहेबांना दिसलं नसतं, त्यांनी मला वेडी ठरवलं असतं. किंवा दिसलं असतं, आणि त्यांनी पाटी वाचली असती, कै. कडूबाई, आणि विचारलं असतं, ही कोण मग? जित्या बाईच्या नावाचं स्मृतिबाकडं. खोटं. अकरा भरली, एक कमी. कुलूप. गाळे. आणि मास्तरीणबाई हरल्या, हे साऱ्या गावात. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते, कारण त्या क्षणी माझ्या मनात बाग नव्हती, तेच होतं.

“मॅडम, ऊन आहे,” साहेब म्हणाले.

मी गेले आणि बसले. मधोमध. खाली काहीच लागलं नाही, ना हाड, ना कापड. मे संपल्यानंतरच्या त्या उन्हात बाकडं गार होतं, साडीतून गारठा थेट पोटात शिरला. साहेब म्हणाले, “जरा हसा.” मी हसले. फोटो निघाला.

बाग आम्हाला मिळाली. हार घातले, पेढे वाटले. मी पेढा न खाता तशीच अक्रमच्या कारखान्यात गेले आणि म्हटलं, “हातोडा घे, चल. पाटी फोडायची.”

“कोणाची?”

“कडूबाईची. आत्ताच्या आत्ता.”

अक्रमनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि आजारी माणसाशी बोलावं तसा हळू बोलला. “बाई, असं काय करता? कडूबाईला जाऊन आज नववा दिवस. मातीला आपण समदेच व्हतो. मेलेल्या माणसाची पाटी फोडून कसं चालंल?”

“अरे, तूच म्हणाला होतास ना, जित्या माणसाचं नाव कोरणार नाही?”

“मी कशाला असं म्हनू? तुमीच आला रडत, पाटी चांगली कोर म्हनून. दहाव्याला कुणी न्हाय, मीच पिंड ठेवते, असंबी तुमीच म्हनला. उद्याच हाय दहावा.” त्याच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. त्याला माझी कीव येत होती.

मी तिच्या खोलीकडं धावले. दार उघडं होतं. खोली झाडूनपुसून रिकामी, आणि कोपऱ्यात, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, पिठावर दिवा आणि वर टोपली. आजूबाजूच्या बायका जमल्या, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी ज्याला त्याला विचारलं. श्रीनाथला आठवत होतं, रेशनवाल्याला आठवत होतं. गेल्या आठवड्यात, चोवीस मेला सकाळी, बाकड्यावर बसल्या बसल्या गेली म्हणे. काही त्रास झाला नाही. सोन्यासारखं मरण.

आणि रात्री मलाही आठवायला लागलं. आधी धूर, मग तिच्या तोंडात मी घातलेलं पाणी, मग अक्रमनं दिलेला खांदा. एकेक गोष्ट अगदी स्पष्ट. त्या आठवणीत कडूबाई शांत गेली होती, तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं आणि मी कुणाच्या मांडीवर बसले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण मला हलकं वाटलं. मी तिच्यासाठी रडले आणि मग शांत झोपले.

शुक्रवारी ओढ्याच्या काठी दहावा झाला. बाईनं पिंड ठेवायला गुरुजी कां-कूं करत होते, पण कुणीच नाही म्हटल्यावर तयार झाले. मी भाताचा गोळा वळून पत्रावळीवर ठेवला आणि आम्ही सगळे पंधरा पावलं मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर आठ-दहा कावळे होते. एकही खाली येईना. पाव तास झाला, अर्धा तास झाला. कावळे पिंडाकडं बघतही नव्हते. लोक घाम पुसत म्हणू लागले, “बाई, तिची काहीतरी इच्छा राहिली असंल. काय ते कबूल करा.”

मी पुढं होऊन म्हटलं, “कडूबाई, बाग बंद पडू देणार नाही.” कावळे हलले नाहीत. “अमावस्येला चहा ठेवीन.” नाहीत. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. सगळे तो बघायला वळले, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी मोबाईल. पिंडाकडं फक्त माझी नजर होती, आणि तीही थेट नव्हती, उन्हामुळं जराशी तिरकी.

पत्रावळ हलली. वारा नव्हता.

“शिवला वाटतं!” कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले. “सुटली बिचारी.” कावळे बाभळीवरच होते, मी मोजले. मी पत्रावळीपाशी गेले आणि खाली बसले. भाताच्या गोळ्याचा मोठा लचका गेला होता. उरलेल्या भातात चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे खोल ठसे होते, घाईघाईनं घास घेतल्यासारखे. मी बघत असतानाच दुसरा घास उचलला गेला. दोन शितं मातीत पडली, तीही उचलली गेली.

पातेल्यात भात शिल्लक होता. मी दुसरा गोळा वळला, पत्रावळीवर ठेवला, मग तिसरा. गुरुजी म्हणाले, “बाई, एकच लागतो. शिवला की झालं.” अक्रमनं येऊन माझा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “चला बाई, घरी चला.”

मी हात सोडवून घेतला. नऊ दिवसांची उपाशी बाई माझ्यासमोर जेवत होती, आणि तिला वाढायला या गावात दुसरं कुणी नव्हतं.